साबाचा रस्ता

कॅरिबियन समुद्रातले साबा हे बेट जेमतेम 13 चौरस किलोमीटरचे. बेट कसले, समुद्रातून वर आलेला एक डोंगरच. माउंट सीनरी हे त्याचे नाव. उंची नऊशे मीटरही नाही, तरी हा ज्वालामुखी नेदरलँड्सच्या राज्यातले सर्वांत उंच ठिकाण आहे. त्याच्या अंगाखांद्यावर द बॉटम, सेंट जॉन्स, विंडवर्डसाइड आणि झायन्स हिल ही चार गावे वसली आहेत. त्यांना जोडणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याला बेटावरचे लोक नुसते ‘द रोड’ म्हणतात.

सतराव्या शतकाच्या मध्यावर शेजारच्या सेंट युस्टेशियस बेटावरून डच वसाहतवाले इथे आले. कडे सरळ समुद्रात उतरलेले, किनाऱ्याला सपाटी नाही. त्यामुळे वस्ती वरच झाली. ‘द बॉटम’सुद्धा तळाला नाही. डोंगरातल्या वाटीसारख्या खोलगट जागेत ते आहे आणि वाटीच्या डच शब्दावरूनच हे नाव पडले असे मानतात.

मग माल वर जायचा कसा? लॅडर बेच्या खडकात कोरलेल्या सुमारे आठशे पायऱ्यांवरून. होडी लाटांत सांभाळायची, पाण्यात उतरून माल घ्यायचा आणि डोक्यावरून गावात न्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले.

इथे रस्ता होणे शक्य नाही, असे डच अभियंत्यांचे मत पडल्याचे बेटावर सांगतात. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या साबाच्याच माणसाला ते पटले नाही. त्यांनी पोस्टाने स्थापत्याचा अभ्यासक्रम पुरा केला आणि 1938 मध्ये गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केले. यंत्रे नव्हती; सगळे हातांनी. 1943 मध्ये फोर्ट बे ते द बॉटम हा टप्पा झाला. 1947 मध्ये बेटावर पहिली मोटार आली, 1951 मध्ये रस्ता विंडवर्डसाइडला पोचला आणि 1958 मध्ये पूर्ण झाला. पुढे 1963 मध्ये सुमारे 400 मीटर धावपट्टीचा विमानतळ झाला, 1972 मध्ये फोर्ट बेला धक्का.

डोक्यावर ओझी वाहिलेल्यांनीच हा रस्ता बांधला, हे त्याचे खरे मोल. लॅडर बेच्या पायऱ्या आजही आहेत. साबाला गेलात तर आधी त्या चढा, मग गाडीत बसा.