गच्ची अपुरी पडली तेव्हा



बचत गटांच्या बैठकांसाठी आम्ही गावोगाव फिरतो. मसाला, चटणी, शेवया, कुरडया, काही ना काही उद्योग बऱ्याच गटांनी धरलेला असतो. पण दहा-बारा जणींच्या गटात काम पाहावं तर एकीच्या नाही तर दोघींच्याच अंगावर. माल आणायचा अध्यक्षताईंनी, भाजायचा त्यांनीच, बँकेत त्यांनीच जायचं, प्रदर्शनात स्टॉलवरही त्याच उभ्या. बाकीच्या सह्यांपुरत्या. विचारलं तर ताई म्हणतात, "दुसरीच्या हातचं बिघडतं हो, गिऱ्हाईक तुटतं." बाकीच्या म्हणतात, "आम्हाला कुणी काही सांगतच नाही." दोन्ही खरं असतं. आणि मग ताईंच्या घरी कार्य निघालं किंवा त्या आजारी पडल्या की चूल थंड.

काम वाटून द्यावं हे साऱ्यांनाच पटतं. कोणतं द्यावं आणि कोणतं हाती ठेवावं, इथे गाडी अडते. म्हणून आज लिज्जत पापडाचा इतिहास सांगतोय. पापड तर सगळ्यांनी खाल्लाय, पण तो इतक्या हातांनी लाटूनही चवीला एकसारखा कसा राहिला, ते ऐकण्यासारखं आहे.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची. तिथे राहणाऱ्या सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. त्यांच्यात एक होत्या जसवंतीबेन पोपट. भांडवल म्हणून छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने घेतले होते. त्यांना सगळे छगनबापा म्हणत. त्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. बायकांनी एक गोष्ट तेव्हाच ठरवली, की तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. त्यातही पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळणार कुठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. आपल्याकडे पावसात कुरडया-पापड्यांचं काम म्हणजे डोक्याला ताप, त्यामुळे ही युक्ती सांगितली की बायका हमखास मान डोलावतात.

छगनबापांनी दोन गोष्टींवर जोर दिला. बायकांच्या मनात दोन प्रतीचे पापड करायचे होते, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बापा म्हणाले, एकच करा आणि त्याचा दर्जा सोडू नका. दुसरं म्हणजे हिशेब चोख ठेवा.

खरी कसोटी पुढेच होती. तीन वर्षांत बायकांची संख्या तीनशेच्या वर गेली. गच्ची अपुरी पडली. माल ठेवायला जागा नाही, बसायला नाही. अशा वेळी कुणी मोठी जागा भाड्याने घेतली असती, मजूर लावले असते, वर देखरेखीला मुकादम बसवला असता. यांनी कामाचेच दोन भाग केले. पीठ मळायचं संस्थेच्या जागेवर, सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी. लाटायचं मात्र घरी. मळलेलं पीठ बाईने घरी न्यायचं, पापड लाटून वाळवायचे आणि परत आणून द्यायचे. ते तपासायचे, वजन करायचं, पाकिटं भरायची, हे पुन्हा संस्थेतच.

आम्हाला यातलं शहाणपण असं दिसतं. मीठ, पापडखार, हिंग, मिरी यांचं प्रमाण मळतानाच ठरतं, म्हणजे चव पिठात आहे. ती त्यांनी एका जागी ठेवली. लाटणं बायकांच्या हातात लहानपणापासूनच असतं, ते शिकवायची गरज नव्हती, म्हणून ते घरोघरी जाऊ दिलं. म्हणजे "दुसरीच्या हातचं बिघडतं" ही भीती त्यांनी नाकारली नाही. जिथे बिघडू शकतं तेवढं काम हाती ठेवलं आणि बाकीचं सोडलं. घरोघरी काम गेलं म्हणून कुणी वाऱ्यावरही सोडलं नाही. घरात पापड वाळवायला स्वच्छ जागा आहे का, ते पाहिलं जातं. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांना पीठ मळण्याचं, पॅकिंगचं काम मिळतं. लाटण्याच्या मजुरीला तिथे वणाई म्हणतात. पापड आणून दिले की ती लगेच हातात पडते. पैशाला उशीर झाला की कामाची गोडी जाते, हे आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

१९६२ साली 'लिज्जत' हे नाव ठरलं. १९६२-६३ ची विक्री १,८२,००० रुपयांवर गेली. सगळंच सरळ झालं असं नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. पुढे काड्यापेटी, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असे उद्योगही करून पाहिले, ते चालले नाहीत. पण १९६८ साली गुजरातेत वालोडला शाखा उभी राहिली आणि नंतर ठिकठिकाणी शाखा होत गेल्या. उडीद, हिंग यांसारखा कच्चा माल मात्र आजही एकत्र खरेदी होऊन शाखांना जातो. तेही पिठासारखंच, हाती ठेवलेलं काम.

आणखी एक गोष्ट, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. काम करणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण आहे. शाखेचा नफा असो की तोटा, वाटणी सगळ्यांत सारखी. खराब पापड आणून दिला तर नुकसान दुसऱ्या कुणाचं नाही, आपलंच. शाखेचं काम संचालिका पाहते आणि ती बहिणींमधूनच, सर्वांच्या संमतीने निवडली जाते. वरच्या मध्यवर्ती समितीत २१ जणी असतात. पापड लाटत लाटत अध्यक्षपदापर्यंत पोचलेल्या बायका तिथे आहेत. पुरुष पगारावर आहेत, कुणी चालक, कुणी हिशेबनीस, पण सभासद होता येत नाही. हे सांगितलं की बैठकीत हमखास हशा पिकतो.

जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आपले गट तीनशेचे नाहीत, दहा जणींचे आहेत, त्यामुळे लिज्जतची नक्कल करा असं आम्ही म्हणणार नाही. शिवाय प्रत्येक मालाचं मर्म वेगळं. मसाल्याची चव भाजण्यात असते, कांडण्यात नाही, तेव्हा कांडप आणि पॅकिंग खुशाल दुसऱ्यांकडे द्या. लोणच्याचं मर्म मिठाच्या मापात. आणि ते माप अध्यक्षताईंच्या मुठीत असेल तर आधी वजनकाट्यावर उतरवावं लागेल. "अंदाजाने घालते" हे दुसरीला शिकवता येत नाही, "किलोला इतके ग्रॅम" हे येतं.

तर पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. आपल्या मालाची सगळी कामं, खरेदीपासून वसुलीपर्यंत, रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहा. प्रत्येक कामापुढे ते सध्या कोण करतं तिचं नाव घाला. एकच नाव तीनदा आलं तर तिथेच थांबून बोला, त्यातलं कोणतं काम कुणाला जमेल आणि पैसे तिला केव्हा मिळतील. पुढच्या फेरीला आम्ही आलो की आधी ते पान बघू.