वर्तुळातील पाऊल

चालावयास शिकण्यासाठी गुरू कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु पेकिंगमध्ये ‘बाग्वाझांग’ ही तळहाताची युद्धविद्या शिकविणारा दोंग हायछ्वान (मृत्यू १८८२) याचे शिष्य बहुधा अन्य विद्यांत आधीच मुरलेले असत. चष्म्यांचा व्यवसाय करणारा छंग थिंगह्वा हा तर कसलेला कुस्तीगीर. दोंगने त्यांचे जुने कसब राहू दिले. चालणे मात्र साऱ्यांना नव्याने शिकावे लागले! गुडघे किंचित वाकवून, चिखलातून जावे तसे सपाट पाऊल सरकवीत वर्तुळ रेखावयाचे. बाहेरचे पाऊल थोडे आत वळवावयाचे, दृष्टी मध्याकडे. मग दिशा पालटावयाची. प्रतिपक्ष्यासमोर न ठाकता त्याच्या बगलेस जाण्याची ही तयारी. १९०० साली परकीय फौजा पेकिंगात शिरल्या, तेव्हा छंग गोळीस बळी पडला, असे सांगतात. पुढे त्याचा शिष्य सुन लुथांग याने ही विद्या ग्रंथबद्ध केली.