आरशाच्या पाठीवरचं कथील

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून बाहेर पडणारा प्रत्येक आरसा 'बेल्जियम'चा असतो. निदान विकणाऱ्याच्या तोंडी तरी. "साहेब, ओरिजिनल बेल्जियम, वाड्यातला माल आहे," असं तो म्हणाला की आपण चौकट शिसवी आहे की सागवानी ते पाहतो, नक्षीवरून बोट फिरवतो, चेहरा नितळ दिसतो का ते बघतो. आधी आरसा उलटा करावा. त्याची कुळी पाठीवर असते. आणि माझं म्हणणं असं, की ती कुळी आपल्या भांडी बाजारातल्या कल्हईच्या कुळीशी सख्खी आहे.

मागचा इतिहास थोडक्यात उरकतो. काच येण्याआधी घासून लखलखीत केलेला धातूच आरसा होता. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातली शृंगार करणारी राजकन्या तसलाच आरसा हातात धरून आहे. केरळात आरन्मुळ्याला तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे आजही घडवतात. सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांनी काचेच्या आरशात नाव कमावलं, सतराव्यात फ्रेंचांनी मोठमोठी तावदानं ओतायला सुरुवात केली.

मुरानोची रीत अशी. सपाट संगमरवरावर कथलाचा पातळ वर्ख पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवत न्यायची आणि वजन ठेवून दाबायची. मग पाट हळूहळू तिरपा करत जादा पारा निथळू द्यायचा. त्यात दिवसच्या दिवस जात. काचेला चिकटून राहायचं ते पारा प्यायलेलं कथील. 1835 मध्ये युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसवण्याची कृती शोधली आणि पुढच्या काही दशकांत पारा हद्दपार झाला. आपण मात्र चांदीच्या आरशाला डाग पडले तरी 'पारा उडाला' असंच म्हणतो.

हा फरक डोळ्यांना दिसतो. चांदीच्या आरशाच्या पाठीवर तपकिरी किंवा शेंदरी रंगाचा संरक्षक थर असतो आणि कडा काळवंडत आत येतात. कथलाच्या आरशाची पाठ उघडी, राखाडी, धातूची. समोरून बघितलं तर प्रतिबिंब किंचित निळसर-मंद, आणि जुनेपणाने आलेले डाग काळे नसून बारीक चमचमणारे. खालच्या कडेला कधी पाऱ्याचे सूक्ष्म मणी साठलेले दिसतात. डोकं डावी-उजवीकडे हलवताना प्रतिबिंब पाण्यासारखं लहरलं तर काच बहुधा जुन्या पद्धतीची. आजची फ्लोट काच तसं करत नाही. नख टेकवून नख आणि प्रतिबिंब यांच्यातलं अंतर मोजणारे महाभाग बाजारात पुष्कळ आहेत. त्यातून काचेची जाडी कळते. वय नाही.

आता कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून लावतात तेही कथीलच; नवसागर टाकला की धुराचा लोट उठतो आणि फडक्याच्या एका फिरकीत भांडं पांढरं होतं. हा शब्द आला अरबी 'कलई'वरून, इथवर वाद नाही. पण अरबांनी तो आणला कुठून? एक मत म्हणतं, 'कला' म्हणजे किल्ला, त्यावरून. कुणी मलय भाषेतल्या कथीलवाचक 'कलंग'कडे बोट दाखवतं. युल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाचा ओढा तिसरीकडे: अरब भूगोलकार कथलासाठी ज्याचं नाव घेत ते मलय किनाऱ्यावरचं 'कलाह' बंदर. ते म्हणजे आजचं केदाह, असं पुष्कळ जण मानतात. मला हेच पटतं. किल्ला कुठल्याही धातूला चिकटवता येतो; कथील मात्र मलय भूमीत खणून निघतं, आणि व्यापारी मालाला बंदराचं नाव पडणं ही जगाची रीत आहे.

इथून माझा लाडका तर्क सुरू होतो. भांडी बाजारातल्या घागरीच्या आतलं कथील आणि शेजारच्या वाड्यातल्या आरशामागचं कथील एकाच मलय मातीतलं असावं. एक थेट समुद्राने आलं, दुसरं डच जहाजांतून युरोपात गेलं, काचेच्या पाठीवर बसलं आणि मुंबईमार्गे परत आपल्याकडे उतरलं. बांका बेटावरचं कथील डच अठराव्या शतकापासून नेत होते, हे तर ठरलेलंच आहे.

विरोधी पक्षही दुबळा नाही. युरोपाकडे कॉर्नवॉलचं, बोहेमिया-सॅक्सनीचं कथील होतंच. पाऱ्याच्या आरशांचं मोठं ठाणं होतं बव्हेरियातलं फ्युर्थ, आणि त्याला सॅक्सनी जवळ. तिथले कामगार पाऱ्याने हातपाय कापू लागेपर्यंत राबत. 1889 मध्ये सरकारी निर्बंध कडक झाले आणि तो धंदा बसला. मलाया जगात कथलात पहिली आली ती 1880 च्या दशकात, म्हणजे पाऱ्याचे आरसे मावळत असताना. थळ घाटातून रेल्वे 1865 मध्ये धावू लागली. त्याआधी पुरुषभर उंचीची काच बैलगाडीतून घाट चढून नाशकात अखंड पोचवणं म्हणजे दैवाची परीक्षाच. तेव्हा माझ्या तर्काला जागा उरते ती जेमतेम पंचवीस वर्षांची. पण वाड्यांची हौस नेमकी त्याच पंचवीस वर्षांतली, असं मी धरून चालतो.

आणि बेल्जियम? शार्लरुआच्या परिसरातून खिडक्यांची काच जगभर जात होती, त्यामुळे नाव अगदी हवेतून आलेलं नाही. फ्युर्थचा माल मात्र त्याच नावाखाली खपला असणार, असा माझा संशय आहे.

मोठा आरसा परवडत नसेल तर फणेरपेटी शोधा. झाकणाच्या आत बसवलेला तो वीतभर आरसा जमिनीवर बसून कुंकू रेखणाऱ्या बाईच्या मापाचा असतो आणि अंधारात मिटून राहिल्यामुळे पुष्कळदा मोठ्या भावंडांपेक्षा चांगला टिकतो. पाठ राखाडी निघाली तर नवा पारा मारून देतो म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका; तो जुना थर खरवडून चांदी चढवील आणि विकत घेण्यासारखं जे होतं तेच जाईल. स्वतःही खरवडू नका, त्यात अजून पारा आहे. आरसा ज्या बाजूने वर्षानुवर्षं उभा होता त्याच बाजूने उभा ठेवा. उलटा केला तर खाली साठलेला पारा पुन्हा वरून उतरत नवे ओघळ पाडतो.