बेल, ज्यूलियन

(४ फेब्रुवारी १९०८ – १८ जुलै १९३७). इंग्रज कवी व निबंधकार. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णवाहिका चालवताना ब्रूनेतेच्या लढाईत मृत्यू. कलासमीक्षक क्लाइव्ह बेल व चित्रकर्ती व्हनेसा यांचा हा थोरला मुलगा. कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ ही त्याची मावशी. जन्म लंडनचा. पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांच्या घरात तो वाढला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकत असताना *विंटर मूव्हमेंट* (१९३०) हा त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला.

नोव्हेंबर १९३३ मधील केंब्रिजच्या युद्धविरोधी मोर्चात त्याने आपल्या मॉरिस मोटारीला गाद्या बांधल्या आणि वाट अडवणाऱ्यांच्या गर्दीत ती घातली. टोमॅटोंचा मारा झेलणाऱ्या त्या गाडीत वाट दाखवायला पुढे सोव्हिएत हेर म्हणून गाजलेला गाय बर्जेस होता. युद्धविरोधकांच्या आठवणींचा *वी डिड नॉट फाइट* (१९३५) हा ग्रंथ ज्यूलियनने संपादित केला. त्याच वर्षी तो चीनमधील वूहान विद्यापीठात इंग्रजी शिकवण्यास गेला. मात्र फॅसिझम निव्वळ शांततावादाने थोपवता येणार नाही, असे त्याचे मत होत गेले. स्पेनमध्ये युद्ध भडकल्यावर त्याला आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती व्हायचे होते. आईचा त्याला कडवा विरोध होता. अखेर बंदुकीऐवजी रुग्णवाहिका, यावर तडजोड झाली आणि जून १९३७ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय साहाय्य पथकातून तो स्पेनला गेला.

माद्रिदवरील दाब कमी करण्यासाठी प्रजासत्ताकाच्या फौजांनी ६ जुलै रोजी शहराच्या पश्चिमेस ब्रूनेतेच्या दिशेने चढाई केली. ऐन उन्हाळा, उघडे माळरान आणि डोक्यावर शत्रूची विमाने अशा स्थितीत आघाडीवरचे जखमी एस्कोरिआलच्या रुग्णालयात पोचवायचे, हे चालकांचे काम. बाँबने खणलेल्या रस्त्यावर गाडी वेगाने न्यावी तर आतल्या जखमीला प्रत्येक धक्का सोसावा लागे. जपून न्यावी तर ती विमानांच्या टप्प्यात राही. ज्यूलियनची गाडी बाँबने निकामी झाली, तेव्हा तो स्ट्रेचर उचलू लागला. दुसरी गाडी मिळताच तो पुन्हा चालकाच्या जागी बसला. १८ जुलै रोजी व्हियानुएव्हा दे ला कान्यादाजवळ बाँबची कपची त्याच्या छातीत घुसली. ज्या रुग्णालयात तो जखमींना आणत असे, तेथेच त्याला आणले. जखमींची प्रतवारी करणाऱ्या आर्ची कॉक्रन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्याला ओळखले. जखम मात्र उपचारापलीकडची होती. त्याच रात्री, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

भाऊ क्वेंटिन याने संपादित केलेला त्याच्या निबंध, कविता व पत्रांचा संग्रह १९३८ मध्ये वुल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसने प्रसिद्ध केला. युद्ध कसे रोखावे, या प्रश्नावरचे वुल्फचे *थ्री गिनीज* हे पुस्तकही त्याच वर्षीचे.