पोलाद : एक धातू, अनेक नावे

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या कंपासपेटीतील कर्कटक, आईची विळी आणि रेल्वेचे रूळ या तिन्हींत एकच धातू आहे. मराठीत त्याला आपण पोलाद म्हणतो, हिंदी-उर्दूत फौलाद किंवा इस्पात, आणि रोजच्या बोलण्यात सरळ स्टील. 'स्टीलचा डबा' म्हणतो तेव्हा मात्र आपल्या मनात क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद असते. लोखंडात थोडासा कार्बन मिसळला की त्याचे पोलाद होते. हे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपलीकडे गेले की ते बीड होते : कठीण, पण ठिसूळ.

या धातूच्या नावांचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. इंग्रजी 'स्टील' आणि जर्मन 'श्टाल' हे एकाच जुन्या जर्मानिक शब्दापासून आले. त्याच्या मुळाशी ठाम उभे राहण्याचा, न वाकण्याचा अर्थ आहे. फ्रेंच लोकांनी मात्र धातूची धार पाहिली. त्यांचा 'आसिए' हा शब्द धार या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून बनला. आपल्या मराठीनेही नेमके हेच केले. पोलादाचे जुने मराठी नाव 'तिखे', आणि ते संस्कृत 'तीक्ष्ण'पासून आले आहे. जिभेला झोंबणारे तिखट आणि धार धरणारे तिखे ही एकाच घरची भावंडे होत.

'पोलाद' आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत पूलाद, अरबीत फूलाद, तुर्कीत पोलात आणि रशियनमध्ये बुलात. 'इस्पात' हा शब्द तलवार या अर्थाच्या पोर्तुगीज 'एस्पादा'वरून आला, असे अनेक कोशकार मानतात.

आता सहज असे वाटेल की ज्यांचा शब्द, त्यांचीच विद्या. परंतु अरबी भाषाच वेगळी साक्ष देते. अरबीत उत्तम तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात. या शब्दात 'हिंद' स्पष्ट ऐकू येतो. सहाव्या शतकातील अरब कवी तरफा याच्या काव्यातही हा शब्द आहे. म्हणजे त्या काळीच हिंदी पोलादाचा लौकिक अरबस्तानात पोहोचला होता.

हे पोलाद होई मुख्यतः दक्षिण भारतात व श्रीलंकेत. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालून मूस मातीने बंद करीत, भात्याने तासन्‌तास तापवीत आणि सावकाश निवू देत. आत पोलादाची छोटी वडी तयार होई. कन्नड व तेलुगूत त्याला 'उक्कु' म्हणतात. तेलंगणातील कोनासमुद्रम् येथे ही वडी घेण्यासाठी इस्फहानचे व्यापारी येत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये यानेही गोवळकोंड्याच्या पोलादाची थोरवी नोंदवली आहे.

आणि तरीही जगात नाव कोणाचे झाले? युरोपीय लोकांनी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या त्या तलवारींना दमास्कसच्या तलवारी म्हटले. पुढे १७९४ च्या सुमारास मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनलेले असून तेथे त्याला 'वुट्झ' म्हणतात, असे छापले गेले. 'वुट्झ' हे बहुधा 'उक्कु'चेच बिघडलेले रूप. कारागिराचे गाव मागे राहिले आणि बाजारपेठेचे नाव पुढे झाले.

याच वुट्झने तरुण मायकेल फॅरडेला भुरळ घातली. विजेच्या शोधांनी अमर झालेला हा शास्त्रज्ञ लोहाराचा मुलगा होता. १८१९ पासून काही वर्षे त्याने या पोलादावर प्रयोग केले. रशियात अनोसोव्ह याने 'बुलात'चा ध्यास घेऊन १८४१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. इकडे मात्र आपल्या भट्ट्या विझत चालल्या होत्या. युरोपचे स्वस्त पोलाद येऊ लागले, १८५६ साली बेसेमरची पद्धत जाहीर झाली, आणि बापाकडून मुलाकडे तोंडी चालत आलेले कसब मुलाने भट्टी सोडताच संपले.

पालकहो, येथे क्षणभर थांबावे. नवव्या शतकात बगदादचा तत्त्वज्ञ अल-किंदी याने तलवारींवर एक प्रबंध लिहिला. कोठली तलवार कशी असते, तिचा पोत कसा ओळखावा, हे त्यात तपशिलाने दिले आहे. अशी माहिती लोहारांना आणि व्यापाऱ्यांना विचारल्याशिवाय मिळणारी नव्हे. एका थोर विद्वानाला त्यात कमीपणा वाटला नाही, म्हणूनच त्या हुनराची खबर आज आपल्यापर्यंत आली आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ही लुप्त विद्या पुन्हा साधण्याचा यत्न झाला, तोही व्हरहोवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार या दोघांनी मिळून केला.

आपल्या वस्तीत आजही लोहार आहेत, गवंडी आहेत, फिटर आहेत, सुतार आहेत. त्यांच्या हातातील ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांची मुले शाळेत येतात तेव्हा बापाचा धंदा सांगताना कधी कधी मान खाली घालतात. त्यांनी मान वर करावी. मित्रहो, तुम्ही पदवी अवश्य मिळवा, पण वडिलांच्या हातात काय आहे हेही विचारून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा. हाताला लेखणीची जोड मिळाली नाही, तर विद्या आपली आणि नाव दुसऱ्याचे असे पुन्हा घडेल.