पहिलं ऑइल पाचशेला की दहा हजाराला?

इचलकरंजीत दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात आली, की हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. त्यानंतर घरातलं वडीलधारं कोणीतरी बजावतं, ‘पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदलून घे. पहिलं ऑइल जास्त ठेवायचं नसतं.’ शोरूममधला माणूस सांगतो, की पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलायची गरज नाही, ते दहा हजाराला किंवा वर्षानं बदलू. गाडीमालकाला प्रश्न पडतो, की ऐकायचं कुणाचं?

वडीलधाऱ्यांचा सल्ला अडाणीपणातून आलेला नाही. त्या आकड्याला इंजिनाच्या घडणीत मूळ आहे, आणि ते मूळ शोधायला इचलकरंजीइतकी चांगली जागा नाही.

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं त्यांना पाठबळ होतं. या गावाचा संसार तेव्हापासून मागाच्या खटखटीवर चालत आला. साध्या मागाला तेल द्यायची रीत इथल्या पोरालाही ठाऊक असते. बेअरिंगच्या भोकात तेल सोडायचं. ते आपलं काम करतं, झिजलेल्या लोखंडाची काजळी सोबत घेतं आणि खाली गळून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं तेल. इथे तेल ‘घालायचं’ असतं, ‘बदलायचं’ नसतं. घाण जमून राहायला जागाच नसते. जपायचं ते एवढंच, की थेंब कापडावर पडू नये, कारण डाग पडलेल्या कापडाला भाव मिळत नाही.

अगदी सुरुवातीच्या मोटारींची तऱ्हा हीच होती. तेलाच्या छोट्या कुपीतून थेंब थेंब तेल इंजिनात उतरायचं, थोडं जळायचं, उरलेलं रस्त्यावर सांडायचं. पुढे इंजिनाखाली तेलाचं भांडं बंदिस्त झालं. आपले मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. आता तेच तेल इंजिनात फिरून पुन्हा चेंबरमध्ये यायला लागलं. तेलाची नासाडी थांबली, पण त्याबरोबर घाणही परत यायला लागली. तेल बदलण्याचा रिवाज जन्माला आला तो यातूनच.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली, इचलकरंजीतल्या पहिल्या यंत्रमागानंतर चारच वर्षांनी. तिच्या इंजिनात तेलाचा पंप नव्हता आणि फिल्टरही नव्हता. फिरतं चाक चेंबरमधलं तेल उडवायचं, ते एका नळीतून पुढे जायचं आणि जिथे पोचेल तिथे पोचायचं. या गाडीच्या मालकांसाठी कंपनीनं काढलेल्या पुस्तिकेत सल्ला होता, की नवी गाडी चारशे-पाचशे मैल चालली की चेंबरमधलं मळकं तेल काढून टाकावं, आणि पुढे साधारण हजार मैलांनी ते पुन्हा करावं. चारशे-पाचशे मैल म्हणजे ६५० ते ८०० किलोमीटर. आपल्या घरातला ‘पाचशेचा’ आकडा याच घराण्यातला.

पहिल्याच वेळी एवढी घाई का? कारण नव्या इंजिनातले भाग एकमेकांच्या ओळखीचे नसतात. सिलिंडरची भिंत हाताला गुळगुळीत लागली, तरी तिच्यावर बारीक तिरपे ओरखडे असतात. तेल धरून ठेवण्यासाठी ते मुद्दाम पाडलेले असतात. त्या ओरखड्यांच्या कडा पिस्टनच्या रिंगा घासून खाली आणतात, तेव्हा रिंग आणि भिंत यांचा मेळ जमतो. मेकॅनिक म्हणतात, ‘रिंगा बसल्या, इंजिन मोकळं झालं.’ या बसण्यात जो लोखंडाचा चुरा निघतो, तो तेलात उतरतो. त्या काळी मशीनचं काम आजच्याइतकं नेमकं नव्हतं, बेअरिंग हातानं खरवडून बसवायची. त्यामुळे चुरा भरपूर निघायचा आणि तो अडवायला वाटेत काहीच नव्हतं. पहिलं तेल लवकर काढणं हाच इंजिन वाचवण्याचा एकमेव उपाय होता.

१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्घ यांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर तयार केला. सुरुवातीचे फिल्टर एकूण तेलातला थोडाच भाग गाळायचे. सगळं तेल गाळून पुढे सोडणारे फिल्टर सर्रास झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तेलही सुधारत होतं. काजळी तळाशी बसू न देता तिला अंगात तरंगत ठेवणारी तेलं १९३० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी आली आणि मग पेट्रोल गाड्यांतही रुळली. हे तेल लवकर काळं पडतं, ते घाण उचलत असल्यामुळेच. निव्वळ काळ्या रंगावरून तेल संपलं असं ठरवता येत नाही.

आपल्याकडे हा रिवाज गाड्यांबरोबरच आला. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट महाराष्ट्रभर पसरल्या. नवी गाडी सुरुवातीला हळू चालवायची, इंजिन ओढायचं नाही, पहिलं तेल लवकर काढायचं, हे त्या पिढीनं गाड्या चालवत शिकलेलं शहाणपण होतं. इंग्लंडात तर नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘इंजिन बसतंय, पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावायचे.

इंजिन बसणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या शॉपमध्ये रिबोअर आणि होनिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर पुन्हा कोरून घासणं, होताना इथल्या कित्येकांनी पाहिलंय, आणि आसपासच्या एमआयडीसींत इंजिनाचे पिस्टन आणि ओतीव भाग रोज तयार होतात. आजच्या कारखान्यात सिलिंडर घासतानाच ओरखड्यांचे उंच कंगोरे काढून टाकतात. गाडी पाचशे किलोमीटर चालून पूर्वी जे काम करायची, त्यातलं बरंचसं मशीननं आधीच केलेलं असतं. म्हणून बहुतेक नव्या मोटारींची पहिली मोफत सर्व्हिस १,००० ते २,००० किलोमीटरच्या दरम्यान फक्त तपासणीची असते, आणि तेल साधारण १०,००० किलोमीटरला किंवा १ वर्षानं बदलतात. पहिल्या भरणीचं तेल मुदतीआधी काढू नका, असं काही कंपन्या स्वतःच सांगतात.

जुना नियम मात्र मेलेला नाही. मोटारसायकलीचं पहिलं तेल आजही ५०० ते १,००० किलोमीटरला बदलतात. शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर तेल असतं, आणि तेच इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना पुरतं. अशा अनेक गाड्यांत कागदी फिल्टरही नसतो, जाळी आणि फिरतीनं घाण बाजूला टाकणारी वाटी यांवरच भागतं. शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरचा हिशोब तासांवर चालतो, आणि बहुतेक ट्रॅक्टरांचं पहिलं तेल ५० तासांना काढतात. खुद्द इचलकरंजीतही काही साध्या मागांच्या जागी रॅपिअर माग आले, त्यांचे गिअर बंद पेटीत तेलात बुडालेले असतात. भोकात तेल सोडणाऱ्या गावाला तेल बदलायचं वेळापत्रक पाळावं लागलं.

मग नव्या मोटारीला काय करायचं? तिच्या पुस्तिकेतलं सर्व्हिसचं कोष्टक उघडायचं आणि त्यातला आकडा पाळायचा. त्या आकड्यापुढे ‘किंवा’ म्हणून महिने लिहिलेले असतात, त्यांतलं जे आधी होईल ते धरायचं. आपल्या गावात ही ओळ फार महत्त्वाची आहे. घर, कारखाना, बँक, बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. तेलात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि गाडी वर्षाला तीन हजारच चालली तरी तेल खराब होतं. अशा गाडीनं दहा हजारांची वाट पाहू नये, वर्ष भरताच तेल बदलावं. पहिल्या महिन्यात तेलाची पातळीही काडी काढून अधूनमधून पाहावी, कारण रिंगा बसेपर्यंत इंजिन थोडं तेल खातं.

पाचशेचा सल्ला देणाऱ्यांनी आपल्या काळातलं इंजिन नीट ओळखलं होतं. त्यांचा आकडा आजच्या मोटारीला लागू नाही, पण आपल्या यंत्राला कधी काय लागतं हे जाणून घ्यायची त्यांची सवय आजही तितकीच लागू आहे.