छोटा अंतराळवीर, मोठा मावळा

मंडळी, आज थोडा इतिहास सांगणार आहे. लढायांचा नव्हे, खेळण्यातल्या विटांचा! सत्तरी ओलांडलेली आपली ही बाई लेगोची अंतराळयाने जोडत बसते, हे नात्यातल्या बहुतेकांना आता ठाऊक झाले आहे. काही हसतात, हसू देत. लोणावळ्याच्या पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, बाहेर पाऊल टाकवत नाही. कोणी विणकाम करते, कोणी मालिका बघते, मी चंद्रावर जाते... पण शिक्षकी पेशाची सवय अशी की नुसते जोडून समाधान होत नाही; हे कुठून आले, कसे आले, ते शोधावेसे वाटते.

डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाच्या खेड्यात ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, तो लाकडी खेळणी करू लागला. डॅनिश भाषेत 'लेग गोट' म्हणजे 'छान खेळा', त्यावरून लेगो. प्लास्टिकच्या विटा नंतर आल्या. २८ जानेवारी १९५८ रोजी आतून नळ्या असलेल्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्या नळ्यांमुळे वीट विटेला घट्ट धरते आणि ओढली की सुटतेही. तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. त्याच वर्षी आपल्याकडे शेर-पायली मागे पडून किलो यायला सुरुवात झाली होती, म्हणजे बघा!

अवकाशाकडे ही मंडळी खऱ्या अर्थाने वळली १९७८ मध्ये. माणूस चंद्रावर उतरून तोवर नऊ वर्षे झाली होती. (आम्ही चंद्र रेडिओवर ऐकला आणि मग वर्तमानपत्रात पाहिला. मुंबईत दूरदर्शनच १९७२ साली आले.) येन्स न्यूगार्ड क्नुडसेन या कलाकाराने हलणाऱ्या हातापायांचा छोटा माणूस घडवला, तो याच वर्षीचा. अवकाशाच्या संचातही त्याचाच हात होता. 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' हे तेव्हाचे मोठे यान: निळे अंग, पिवळ्या पारदर्शक काचा, खाली खड्डे असलेली करडी चंद्रभूमी. अंतराळवीर लाल आणि पांढरे, सगळे हसतमुख. आणि शस्त्र एकाकडेही नाही! शत्रू नाही, सीमा नाही, नुसती शोधयात्रा. जगात शीतयुद्ध चालू असताना मुलांच्या हाती असे अवकाश देणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे १९८७ मध्ये काळ्या यानांची 'ब्लॅकट्रॉन' टोळी आली, १९८९ मध्ये अवकाशातले पोलीस आले, १९९९ पासून 'स्टार वॉर्स' आले. चोर-पोलीस चंद्रावरही पोचले म्हणायचे. असो.

त्या जुन्या संचांवर खेळलेली मुले आता पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि खरे गिऱ्हाईक तीच. २०१७ मध्ये 'सॅटर्न ५' रॉकेटचा संच निघाला. मूळ कल्पना कंपनीची नव्हती, दोघा हौशी लोकांची होती. तुकडे नेमके १९६९! उंची साधारण एक मीटर. खरे रॉकेट ११० मीटरच्या वर होते, म्हणजे प्रमाण १ : ११०. माझ्या लेकीने परदेशातून येताना तो आणला. जोडायला मला अख्खा श्रावण लागला. तीन टप्पे वेगळे निघतात. कोणता टप्पा आधी गळून पडतो हे बोटांना कळते, तसे पुस्तक वाचून कळत नाही. मग २०१९ मध्ये चांद्रयान 'ईगल' आले, २०२१ मध्ये २३५४ तुकड्यांचे 'डिस्कव्हरी' शटल, आणि २०२२ मध्ये तेच जुने गॅलेक्सी एक्सप्लोरर, मोठ्या माणसांसाठी मोठे करून.

हे सगळे पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या जुन्या यानात माणूस मोठा आहे. यान त्याच्या मापाने केलेले. त्याला आत बसवता येते, उतरवता येते. सॅटर्नच्या संचात मात्र अंतराळवीर नखाएवढे, त्यांना चेहराही नाही. मुलांच्या खेळण्यात माणूस मोठा असतो, मोठ्यांच्या खेळण्यात यंत्र मोठे होते.

आता आपल्या मावळात या. दिवाळीत अंगणात किल्ला होतो, ते आपले जोडकाम. दगड, विटा, वर गोणपाट, त्यावर लाल माती, अळीव-मोहरी पेरून केलेले रान. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची डोळ्यांसमोर असलेली आपली मुले. पण मापाने किल्ला कोणी करते का? लोहगड समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. सॅटर्नच्या प्रमाणात तो करायचा तर नऊ मीटरचा डोंगर अंगणात उभा करावा लागेल! मुले तसे करत नाहीत. सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यापेक्षा उंच, मावळा बुरुजापेक्षा उंच, आणि त्या मावळ्याएवढाच गवळी. त्यात चूक काहीच नाही. किल्ला कोणी बांधला आणि कोणी राखला, हे मुलांना बरोबर कळलेले असते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आपला लोहगड आहे. अभिमानाची गोष्ट. त्याच सुमारास शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून परत आले. त्या दिवाळीत आमच्या नातीने माझ्या डब्यातला पांढरा अंतराळवीर उचलून थेट किल्ल्याच्या माचीवर मावळ्यांच्या रांगेत उभा केला. शेजारच्या एका आजोबांना ते रुचले नाही; इतिहासाची थट्टा होते म्हणाले. मला त्यांचा राग कळतो. आजकाल तयार प्लॅस्टरचे किल्ले विकत आणून ठेवतात, मुलांच्या हाताला माती लागत नाही, याचेच त्यांना वाईट वाटत होते. पण अंतराळवीर मी काढू दिला नाही. पहाऱ्यावर उभे राहायला छातीच लागते, गडावर काय आणि तिथे वर काय.

मोठ्या माणसांनाही हे अगदीच कळत नाही असे नाही हो. २०११ मध्ये गुरूकडे निघालेल्या 'जुनो' यानात नासाने अ‍ॅल्युमिनियमचे तीन लेगोपुतळे ठेवले: ज्युपिटर, जुनो आणि हातात दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ. २०१६ मध्ये ते गुरूपाशी पोचले. एवढे काटेकोर गणित करणाऱ्यांनाही शेवटी एक छोटा माणूस सोबत धाडावासा वाटला.

हौस महाग आहे, हेही सांगून ठेवते. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची जकात आपल्याकडे २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. तेव्हा विकत घ्याच असा माझा आग्रह नाही. माती फुकट आहे. फक्त घरातली मुले काही रचत असतील, तर मापे काढायला जाऊ नका. त्यांनी माणूस केवढा केला आहे ते तेवढे बघा.